शाळेची वार्ता आणि समाजाचा इतिहास : बालाघाट जिल्ह्याच्या संदर्भात

प्रास्ताविक

शिक्षणाच्या इतिहासाचे लेखन आपल्याकडे बहुधा धोरणांच्या अंगाने झाले आहे. आयोग, अहवाल, ठराव आणि अनुदानाचे नियम यांची सविस्तर चर्चा होते. परंतु एखाद्या माध्यमिक शाळेच्या सूचनाफलकावर कोणत्या भाषेत सूचना लागत होती, वार्षिक स्नेहसंमेलनात अहवालाचे वाचन कोणत्या भाषेत होत होते, निकालाची बातमी कोणत्या गावाहून येत होती, या गोष्टींना इतिहासाचे साधन म्हणून फारसे स्थान मिळालेले नाही. वस्तुतः समाजाच्या जीवनात धोरण उतरते ते याच मार्गाने. पालकाला राज्यघटनेचा अनुच्छेद ठाऊक नसतो. त्याच्यापर्यंत पोहोचते ती शाळेची वार्ता.

प्रस्तुत लेखात बालाघाट जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे. हा जिल्हा निवडण्याचे कारण असे की, तेथे मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा आज अल्पसंख्याकांच्या भाषा आहेत. महाराष्ट्रात उर्दू अल्पसंख्य आणि मराठी राज्यभाषा; त्यामुळे दोन्ही भाषकांचे प्रश्न वेगवेगळ्या खात्यांत मांडले जातात. बालाघाटमध्ये मात्र नियम दोघांनाही सारखेच लागू होतात. म्हणून माध्यमिक शिक्षण आणि मातृभाषा यांचा संबंध तेथे अधिक स्पष्टपणे पाहता येतो.

जिल्हा, लोक आणि भाषा

२ नोव्हेंबर १८६१ रोजी मध्य प्रांताची स्थापना झाली आणि १८६७ मध्ये मंडला, शिवनी व भंडारा या जिल्ह्यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा तयार करण्यात आला. जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या गावाचे जुने नाव बुढा किंवा बूढा असे होते. उत्तरेकडे बैहरचे पठार, दक्षिणेकडे वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचा प्रदेश, अशी जिल्ह्याची नैसर्गिक रचना आहे. पहिले अधिकारी कर्नल ब्लूमफील्ड यांच्या काळात पठारावर पोवार शेतकऱ्यांची वसाहत करण्याचा प्रयत्न झाला. सी. ई. लो यांनी संपादित केलेले जिल्ह्याचे गॅझेटियर १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले.

भाषेच्या दृष्टीने हा प्रदेश संधिप्रदेश आहे. पठारावर गोंडी, खोऱ्यात पोवारी, लोधी व मरार समाजाच्या बोली, वारासिवनी, कटंगी व लांजी या भागांत वऱ्हाडी-नागपुरीच्या जवळची मराठी, आणि कचेरी-बाजारात हिंदी व उर्दू, असे हे मिश्रण आहे. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्या सर्वेक्षणाने या पट्ट्यातील बोलींची सरमिसळ नोंदविली आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगाल-नागपूर रेल्वेची गोंदिया-जबलपूर ही अरुंद मापाची लाईन बालाघाटमार्गे सुरू झाली. याच सुमारास जिल्ह्यातील मँगेनीजच्या खाणींचे काम वाढले. भरवेलीच्या खाणीमुळे कामगार, कारकून, कंत्राटदार आणि व्यापारी अशी नाना प्रांतांची व नाना भाषांची कुटुंबे जिल्ह्यात आली. अशा कुटुंबांची मुले एका बाकावर बसण्याची पहिली जागा म्हणजे शाळा.

नागपूरकडे तोंड असलेली शाळा

१९५६ पर्यंत बालाघाटचा विद्यार्थी शिक्षणासाठी नागपूरकडे पाहत होता. राजधानी नागपूर, शिक्षण खात्याचे मुख्य कार्यालय नागपूर, १९२२ च्या कायद्याने अस्तित्वात आलेले हायस्कूल शिक्षण मंडळ नागपूर, आणि ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालेले विद्यापीठही नागपूरचेच. त्यापूर्वी मध्य प्रांतातील महाविद्यालये अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. १९२२ च्या सुमारास मध्य प्रांताने हायस्कूलमध्ये इंग्रजीऐवजी देशी भाषांतून शिकविण्याचा निर्णय घेतला. हिंदी, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषांना त्यामुळे माध्यमिक वर्गात माध्यम म्हणून वाव मिळाला. देशातील अनेक प्रांतांत त्या वेळी हायस्कूलचा वर्ग इंग्रजीतच चालत होता, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे महत्त्व कळते.

वृत्तपत्रेही नागपूरहूनच निघत. इंग्रजी ‘हितवाद’ १९११ पासून, गोपाळराव ओगले यांचे ‘महाराष्ट्र’ १९१४ पासून आणि पुढे हिंदी ‘नवभारत’. परीक्षा, विद्यापीठ, शासन आणि वृत्तपत्र ही चारही केंद्रे एकाच शहरात असल्यामुळे शाळेच्या जगाची दिशा ठरून गेली होती.

मुस्लिम समाजापुरते पाहिल्यास, सर सय्यद अहमद खान यांनी १८८६ मध्ये सुरू केलेल्या मुस्लिम शैक्षणिक परिषदेचे अधिवेशन डिसेंबर १९१० मध्ये नागपूर येथे अब्दुल्लाह युसूफ अली यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते. कुराणाचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून पुढे ख्यातनाम झालेले हेच ते गृहस्थ. अलीगढची चळवळ मध्य प्रांताच्या राजधानीत येऊन पोहोचल्याची ती खूण होती. प्रांतात मुस्लिम लोकसंख्या अल्प आणि विखुरलेली होती. त्यामुळे मोठ्या शहरात अंजुमनची शाळा उभी राहू शकली, तरी लहान जिल्ह्यांत मुस्लिम मुले सरकारी अथवा नगरपालिकेच्या शाळेतच जाणार हे उघड होते. तेथे उर्दूला किती तासिका मिळतात, हाच व्यवहारातील प्रश्न होता.

नावाचा वाद : १९३७ ते १९३९

जुलै १९३७ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडात डॉ. ना. भा. खरे यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. त्यात शिक्षण खाते पंडित रविशंकर शुक्ल यांच्याकडे होते. १९३८ मध्ये ते प्रांताचे पंतप्रधान झाले. शुक्ल यांनी ‘विद्यामंदिर’ योजना मांडली. ज्या गावात शाळा नाही, तेथे दान म्हणून मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नातून शाळा व शिक्षकाचा खर्च चालवावा, अशी तिची मूळ कल्पना होती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद झाली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा तयार केला. या दोन योजना वेगळ्या होत्या. परंतु लोकांच्या मनात त्या एकत्र मिसळल्या.

‘विद्यामंदिर’ या नावाला मुस्लिम समाजातून तीव्र विरोध झाला. मंदिर म्हणजे देऊळ, आणि देवळाच्या नावाच्या शाळेत आपल्या मुलांनी जावे काय, असा प्रश्न होता. उर्दू शिक्षणाची सोय कितपत होणार, ही त्यामागची खरी चिंता होती. एप्रिल १९३६ मध्ये नागपुरात भारतीय साहित्य परिषदेच्या बैठकीत ‘हिंदी-हिंदुस्थानी’ या शब्दप्रयोगावरून गांधीजी व मौलवी अब्दुल हक यांच्यात मतभेद झाले होते. ती कटुता ताजी असतानाच हा वाद उद्भवला. १९३८ च्या पीरपूर अहवालात या योजनेविषयीच्या तक्रारींचा उल्लेख आला आणि १९३९ च्या आरंभी नागपुरात आंदोलन झाले. पुढे मुस्लिम शाळांसाठी ‘मदीनतुल इल्म’ हे नाव पुढे आले.

भाषेच्या अध्यापकाने येथे क्षणभर थांबून विचार करावा. संस्कृतात ‘मंदिर’ या शब्दाचा मूळ अर्थ घर, निवासस्थान असा आहे. मराठीत नाट्यमंदिर, वाचनमंदिर, आरोग्यमंदिर असे शब्द आपण सहज वापरतो व त्यात पूजेचा भाव नसतो. अरबीत ‘मदीना’ म्हणजे नगर. ‘मदीनतुल इल्म’ म्हणजे ज्ञानाचे नगर. म्हणजे शब्दार्थाने पाहिल्यास वाद ‘ज्ञानाचे घर’ आणि ‘ज्ञानाचे नगर’ यांच्यामध्ये होता. परंतु शब्द केवळ कोशात राहत नाहीत. मराठी कानाला जो शब्द निरुपद्रवी वाटतो, तो उर्दू घरात वेगळा ऐकू येतो; उर्दू घरातील पवित्र शब्द शेजाऱ्याला परका वाटतो. योजना आखणाऱ्यांनी शाळेची पाटी लावण्यापूर्वी त्या पाटीचा अर्थ गावातील सर्व घरांत कसा लागेल, हे विचारले असते, तर गावोगाव शाळा काढण्याची एक उपयुक्त कल्पना नावावर अडकली नसती. विरोध करणाऱ्यांनीही उर्दू शिक्षकांची संख्या व उर्दू पुस्तकांचा पुरवठा यांवर जेवढा भर द्यायला हवा होता, तेवढा नावाच्या गदारोळात दिला गेला नाही. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचा जोर ओसरला. जमिनीच्या उत्पन्नावर शिक्षकाचे वेतन चालणार कसे, हा मुळातला प्रश्न बाजूलाच राहिला.

१ नोव्हेंबर १९५६

स्वातंत्र्यानंतर जुन्या मध्य प्रदेशात १९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचा दर्जा मिळाला होता. एका राज्याच्या दोन राजभाषा, हा त्या काळी एक वेगळा प्रयोग होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली. नागपूर, भंडारा, वर्धा, चांदा, अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ हे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. नव्या राज्याची राजधानी भोपाळ, उच्च न्यायालय जबलपूर. १९५७ च्या राजभाषा कायद्याने नव्या मध्य प्रदेशाची राजभाषा हिंदी ठरली.

या घटनेची चर्चा आपण सीमाप्रश्न म्हणून करतो. शाळेच्या बाजूने पाहिल्यास ती वेगळी दिसते. काल राजभाषा असलेली मराठी बालाघाटच्या शाळेत अल्पसंख्याकांची भाषा झाली. परीक्षा मंडळाचे पत्र नागपूरऐवजी जबलपूरहून व पुढे भोपाळहून येऊ लागले. विद्यापीठ म्हणून १९४६ चे सागर व जून १९५६ चे जबलपूर ही नावे पुढे आली. गोंदिया हे बालाघाटपासून सुमारे ४० किलोमीटरवर, त्याच रेल्वे लाईनवरचे गाव. पण तेथील शाळेचे पुस्तक, तेथील परीक्षा आणि शिक्षकाची बदली या सर्व गोष्टी दुसऱ्या राज्याच्या झाल्या. सोयरिक, बाजार आणि दवाखाना गोंदिया-नागपूरकडे, तर दाखला व निकाल जबलपूर-भोपाळकडे, अशी कुटुंबाच्या जीवनाची दुहेरी दिशा निर्माण झाली.

उर्दूची स्थिती वरवर पाहता बदलली नाही. ती पूर्वीही अल्पसंख्य होती. परंतु जुन्या प्रांतात हिंदी, मराठी व उर्दू या तीन भाषांची सवय प्रशासनाला होती. दोन राजभाषांच्या राज्यात तिसऱ्या भाषेची मागणी समजावून सांगणे सोपे असते. एकभाषिक राज्यात प्रत्येक दुसरी भाषा अपवाद ठरते. मराठीचे स्थान गेले, तेव्हा उर्दूच्या शेजारचा आधारही गेला, असे म्हणता येईल.

साठ आणि पंधरा

भाषिक अल्पसंख्याकांना संरक्षण देणाऱ्या तरतुदी नीट समजून घेणे अध्यापकांसाठी आवश्यक आहे. अनुच्छेद २९ व ३० हे मूलभूत हक्क घटनेत प्रथमपासून आहेत. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-अ व ३५०-ब आले. पहिल्यात मातृभाषेतून शिक्षण देण्याविषयी सांगितले आहे, परंतु ते प्राथमिक टप्प्यापुरते. दुसऱ्यान्वये भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्यात आला. १९५७ मध्ये हे आयुक्त कार्यालय सुरू झाले.

प्राथमिक शाळेसाठी १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेचे सूत्र होते : शाळेत ४० अथवा वर्गात १० विद्यार्थी असतील, तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. माध्यमिक टप्प्याचे सूत्र ऑगस्ट १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरले : उच्च माध्यमिक टप्प्याच्या शेवटच्या चार वर्गांत मिळून ६० आणि प्रत्येक वर्गात १५ विद्यार्थी. त्याचबरोबर, प्रवेशापूर्वी भाषेच्या पसंतीची आगाऊ नोंद करावी आणि एका शाळेत संख्या कमी पडल्यास जवळपासच्या शाळांत जुळवाजुळव करावी, असेही या संरक्षण योजनेत आहे.

येथे प्रश्नाचे मर्म आहे. माध्यमिक शाळेतील मातृभाषेचा आधार घटनेच्या थेट शब्दांवर नसून संख्येवर आहे. संख्या नोंदीवर अवलंबून आहे. आणि नोंद पालकाला मिळालेल्या माहितीवर. प्रवेशाच्या वेळी कारकून विचारतो, ‘भाषा?’ पालक सवयीने ‘हिंदी’ म्हणतो, कारण कचेरीची भाषा तीच. घरी मराठी, पोवारी अथवा उर्दू बोलणारे मूल कागदावर हिंदी भाषक होते. अशा १५ मुलांची नोंद चुकली, तर वर्गाची मागणीच उरत नाही. मागणी नाही म्हणून शिक्षक नाही, शिक्षक नाही म्हणून विषय नाही, आणि विषय नाही म्हणून पुढच्या वर्षीचा पालक तो विषय मागत नाही. भाषा शाळेतून जाते ती कोणी बंदी घातली म्हणून नव्हे, तर अशा रीतीने एकेका रकान्यातून. मध्य प्रदेशाच्या माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षेत उर्दू व मराठी हे भाषाविषय आहेत; पण परीक्षेत विषय असणे आणि शाळेत तो शिकविणारा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिले की, शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी केवळ ३ टक्क्यांच्या आसपास मुले मदरशात जातात. याचा अर्थ समाजाच्या नव्या पिढीचे भवितव्य सर्वसाधारण शाळेतच ठरते. त्या शाळेतील वातावरण, तेथील भाषा आणि तेथील वार्ता यांकडे दुर्लक्ष करून समाजाच्या शिक्षणाची चर्चा पूर्ण होऊ शकत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार बालाघाट जिल्ह्याची लोकसंख्या १७,०१,६९८ असून साक्षरता सुमारे ७७ टक्के आहे. दर हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया असलेला हा जिल्हा आहे. ज्या जिल्ह्यात स्त्रियांची संख्या अधिक, तेथे मुलींच्या माध्यमिक शिक्षणाची वार्ता आईपर्यंत तिच्या भाषेत पोहोचणे किती महत्त्वाचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

शाळेचे शब्द

मराठी व उर्दू या भाषांचे हित परस्परविरोधी आहे, हा समज शाळेच्या रोजच्या शब्दसंग्रहानेच खोटा ठरतो. मराठी शाळेत रोज ‘हजेरी’ होते, ती अरबी ‘हाजिर’पासून. शाळा सोडताना मिळतो तो ‘दाखला’, मुलाच्या पाठीवर असते ते ‘दप्तर’. जुन्या काळची ‘दौत’, ‘शाई’, ‘कागद’, ‘कलम’ ही सारी सामग्री फारसी-अरबीतून आलेली. मूल ‘हुशार’ असले की त्याला ‘शाबास’ म्हणतात व ‘बक्षीस’ देतात. एवढेच काय, ‘नापास’ या शब्दात फारसी उपसर्ग आणि इंग्रजी शब्द एकत्र नांदतात. हे शब्द कोणी कोणावर लादले नाहीत. एकाच कचेरीत व एकाच बाजारात पिढ्यान्‌पिढ्या वावरल्यामुळे ते मुरले. वर्गात या शब्दांची यादी करून घेतली, तर मराठीच्या तासाला उर्दू भाषक विद्यार्थ्याला आपले काही सापडते, आणि मराठी विद्यार्थ्याला उर्दू परकी वाटत नाही.

काय जपावे, काय लिहावे

वरील इतिहास पुढे न्यायचा असेल, तर त्याची साधने शाळेच्याच कपाटात आहेत. मध्य प्रदेशात ज्याला दाखिल-खारिज किंवा स्कॉलर रजिस्टर म्हणतात आणि महाराष्ट्रात जनरल रजिस्टर, त्यात विद्यार्थ्याचे नाव, पालकाचा व्यवसाय, पूर्वीची शाळा, प्रवेश व शाळा सोडल्याची तारीख आणि कारण यांची नोंद असते. १९५० ते १९६० या दशकातील अशा एका रजिस्टरवरून राज्यपुनर्रचनेनंतर किती मुले शाळा सोडून सीमेपलीकडे गेली, हे मोजता येते. तपासणी अधिकाऱ्याचे शेरेबुक, सूचनावही, पालक सभेचे इतिवृत्त, स्नेहसंमेलनाचा छापील अहवाल, विद्यार्थ्यांचे हस्तलिखित आणि भित्तिपत्रक ही सर्व साधने याच प्रकारची आहेत. सूचनावहीत ईद, मोहरम, पोळा, दिवाळी यांच्या सुट्ट्या कोणत्या शब्दांत जाहीर झाल्या, हे पाहिले तरी एका गावाचे सहजीवन वाचता येते.

महाविद्यालयातील अध्यापकांना याबाबत तीन गोष्टी करणे शक्य आहे. पहिली, पदवीच्या विद्यार्थ्यांना ते ज्या शाळेतून आले, त्या शाळेच्या एका दशकाचा अभ्यास प्रकल्प म्हणून द्यावा. मुख्याध्यापकांच्या अनुमतीने रजिस्टर पाहावे, व्यक्तींची नावे न घेता केवळ आकडे मांडावेत आणि निवृत्त शिक्षकांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. दुसरी, हे काम उर्दू व मराठी विभागांनी मिळून करावे, कारण एकाच रजिस्टरात दोन्ही समाज आहेत. तिसरी गोष्ट तातडीची आहे. प्रवेशाच्या दिवसांपूर्वी मातृभाषेच्या नोंदीचे महत्त्व सांगणारे एक साधे पत्रक उर्दू, मराठी व हिंदी अशा तिन्ही भाषांत काढून पालकांपर्यंत पोहोचवावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पाचवीपर्यंत, आणि शक्य तेथे आठवीपर्यंत, मातृभाषेवर भर आहे. त्या धोरणाचा लाभ ज्यांची नोंद आहे त्यांनाच मागता येईल.

समारोप

बालाघाटचा इतिहास पाहता असे दिसते की, शाळेतील भाषेचे भवितव्य तीन ठिकाणी ठरले : शाळेच्या पाटीवर, राज्याच्या नकाशावर आणि प्रवेशाच्या रजिस्टरावर. १९३७ च्या पाटीवर फार भांडण झाले. १९५६ च्या नकाशावर सामान्य पालकाचे काही चालले नाही. तिसरी जागा मात्र दरवर्षी नव्याने उघडते आणि तेथे पालक, शिक्षक व कारकून या तिघांच्या हाती बरेच काही असते. पहिल्या दोन घटनांवर ग्रंथ लिहिले गेले. तिसऱ्या जागेकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. जुनी रजिस्टरे वाळवी लागण्यापूर्वी वाचणे आणि नवे रजिस्टर अचूक भरवून घेणे, ही दोन्ही कामे शिक्षकाचीच आहेत. त्यातील पहिले इतिहासाचे आहे आणि दुसरे हक्काचे. परंतु पहिले केल्याशिवाय दुसऱ्याची निकड कोणाला पटणार नाही.